आधी पत्रिका जुळवा, मग कुकर लावा!

होस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, आठवड्यातली सर्वांत अवघड वेळ कोणती? सबमिशनची आदली रात्र? छे! एक्स्टर्नलसमोरची व्हायवा? तीही नाही. बरोबर उत्तर आहे, रविवारची संध्याकाळ! दुपारी मेसची फीस्ट होऊन गेलेली असते, संध्याकाळी मेसला कुलूप असतं, खिशात महिनाअखेर आलेली असते आणि पोटाला मात्र त्याचा पत्ताच नसतो. मग काय? मॅगी, वडापाव, नाहीतर सरळ "मला भूक नाही गं" म्हणून पांघरूण ओढून घेणं.

तर मित्र-मैत्रिणींनो, हा लेख त्या संध्याकाळसाठी आहे. एकच भांडं, चार जण, कोंबडी आणि धान्य. आमच्या रेक्टर मॅडम हे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून आधीच स्पष्ट करते की रूममध्ये कॉइल किंवा शेगडी लावा असं मी कुणालाही सांगत नाहीये. ज्यांच्या होस्टेलला पँट्री आहे, जे बाहेर रूम घेऊन राहतात, जे सुट्टीत घरी जाऊन आईला चकित करू इच्छितात आणि जे स्टाफ क्वार्टर्समध्ये एकटे राहतात, त्या सर्वांसाठी हा खटाटोप.

कृती पुढे आहेच. पण कृती पाठ करून फारसा उपयोग नसतो, कारण एका भांड्यातला स्वयंपाक बिघडतो तो एकाच ठिकाणी. ते ठिकाण कळलं की मग तुम्ही तांदूळ घ्या, दलिया घ्या, बाजरी घ्या, जेवण बिघडणार नाही.

एकच भांडं कशाला?

पहिलं कारण आळस, हे उघड आहे. पण मी नांदगावची, आणि नांदगावच्या माणसाला भांडी घासायची म्हटलं की साबणाच्या आधी पाणी आठवतं. मनमाड आणि चाळीसगावच्या मधलं हे स्टेशन, तालुका दुष्काळी. १९६९ साली पूर्ण झालेलं गिरणा धरण आमच्याच तालुक्यात पांझणला आहे, पण त्याच्या कालव्यांचं पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्यातल्या शेतांकडे जातं. उन्हाळ्यात आमच्या घरात पिंपावर झाकण असतं आणि झाकणावर आजीची नजर असते! कढई, पातेलं, कुकर, परात अशी चार भांडी खरकटी करणारी सून आमच्याकडे हुशार समजली जात नाही. त्यामुळे "एकाच भांड्यात होईल का?" हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. होस्टेलची टाकी रात्री नऊला संपते तेव्हा हा प्रश्न इथेही सगळ्यांना चटकन कळतो.

दुसरं कारण गॅस. आणि तिसरं कारण चव. कोंबडीतून सुटलेला रस वेगळ्या भांड्यात राहिला तर तो रस्सा होतो. त्याच भांड्यात धान्य असलं तर धान्य तो रस पिऊन टाकतं. जे धान्य पाण्यात शिजतं ते आणि जे रसात शिजतं ते, यांतला फरक जीभ लगेच ओळखते.

ही काही नवीन फॅशन नाही

'वन पॉट मील' हा शब्द आपल्याला इंग्रजी कार्यक्रमांनी दिला, पण वस्तू आपल्याकडे फार जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलने लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी आहे. त्यात 'हरीसा' आहे, म्हणजे मांस आणि भरडलेला गहू एकत्र शिजवलेला. त्याच कुळातला खिचडा मोहरमच्या दिवसांत मुस्लिम घरांत मोठ्या भांड्यांतून शिजतो. आमच्या शेजारचा मालेगाव तालुका माहीत असणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको. रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा एक थेंब घालत नाहीत, सगळं आपल्याच वाफेत शिजतं. धान्याऐवजी शेंगा, एवढाच फरक.

आणि आमच्याकडे बाजरीची खिचडी. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'उखळ' हा शब्द मी कुठल्या धड्यात नाही, आजीच्या ओसरीवर शिकले. बाजरीला पाण्याचा हबका मारायचा, थोडी मुरू द्यायची, उखळात मुसळाने कांडायची, सुपात पाखडून कोंडा उडवायचा आणि राहिलेली बाजरी मुगाच्या डाळीबरोबर शिजवायची. ही झाली रोजची. पण घरी कोंबडं कापलं आणि खाणारी माणसं भाकरीच्या हिशोबापेक्षा जास्त झाली, की आजी रस्सा आणि खिचडी वेगळी करतच नाही. चुलीवर एकच मोठं पातेलं चढतं. त्यात कांदा, काळा मसाला, कोंबडी, बाजरी, पाणी असं सगळं एकापाठोपाठ पडतं, वर झाकण ठेवायचं आणि मंद जाळावर सोडून द्यायचं. दोन तासांनी उघडलं की काम फत्ते!

आता कुणाला वाटेल, मग तेच कुकरमध्ये करायचं, त्यात काय एवढं? इथेच तर गंमत आहे.

कोंबडी बदलली हो!

आजीची कोंबडी गावरान. अंगणात फिरणारी, उकिरडा उकरणारी, वर्ष-दीड वर्षाची. आजीच्या भाषेत 'जून'. आपण चौकातल्या दुकानातून आणतो ती ब्रॉयलर. ती साधारण पाच-सहा आठवड्यांची असते. होय, आठवड्यांची! १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत ब्रॉयलर महाराष्ट्रातल्या गल्लीबोळात पोचली. कोंबडी स्वस्त झाली, रविवारपुरती का होईना विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली, हे मान्यच केलं पाहिजे. पण स्वयंपाकाचं गणित बदललं.

कसं ते बघा. मांसाच्या तंतूंना बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं, कोलॅजन. त्याला आपण दोरखंड म्हणू. प्राण्याचं वय वाढतं तसे या दोरखंडाच्या धाग्यांमध्ये आडवे टाके पडत जातात आणि तो उष्णतेला दाद देईनासा होतो. जून कोंबडीचा दोरखंड सुटून त्याचं जिलेटिन व्हायला खूप वेळ लागतो. ब्रॉयलरच्या दोरखंडात टाके पडायला वेळच मिळालेला नसतो, तो पटकन सुटतो. त्यानंतरही आपण शिजवतच राहिलो, तर तंतू आकसतात, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात आणि छातीचा तुकडा ड्रॉइंग शीटसारखा लागतो, तर मांडीचा हाडावरून गळून पडतो.

बाजरी मात्र तीच आहे! तिचा दाणा बारीक पण टणक, कोंडा चिवट. तिला शिजायला जेवढा वेळ आजीच्या लहानपणी लागायचा, तेवढाच आज लागतो. म्हणजे गावरान कोंबडी आणि बाजरी यांचं वेळापत्रक एकच होतं, म्हणून सगळं एकदम टाकून चालायचं. ब्रॉयलर आणि बाजरीचं वेळापत्रक जुळत नाही. एक शटल आहे तर दुसरी गीतांजली. दोन्ही नांदगाववरूनच जाणार, पण एकाच वेळी पोचतील कशा?

एका भांड्यातला स्वयंपाक बिघडण्याचं ठिकाण ते हेच. जे आधी शिजतं ते नंतर टाका आणि जे नंतर शिजतं ते आधी टाका, नाहीतर एकाच वेळात शिजणाऱ्या जोड्याच निवडा. थोडक्यात, लग्न लावण्याआधी पत्रिका बघा!

कुकरच्या आत काय चाललंय?

मेकॅनिकलवाल्यांनो, हा भाग आपला. फ्रेंच संशोधक डेनिस पापँ याने १६७९ साली लंडनमध्ये 'डायजेस्टर' नावाचं भांडं दाखवलं. घट्ट झाकणाच्या त्या भांड्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून त्याने त्याला वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह लावला. हाच पापँ पुढे १६९० मध्ये वाफेवर सरकणाऱ्या पिस्टनपर्यंत पोचला. म्हणजे स्टीम इंजिनाच्या घराण्यात कुकर थोरल्या भावासारखा आहे. आपल्या कुकरची शिट्टी हा त्याच व्हॉल्व्हचा वंशज.

उघड्या पातेल्यात पाणी उकळलं की तापमान तिथेच अडकतं. समुद्रकिनारी ते १०० अंश सेल्सिअस असतं. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे ते ९८ च्या आसपास भरतं. खाली कितीही मोठा जाळ करा, पाणी लवकर आटेल, तापमान वाढणार नाही. कुकरमध्ये शिट्टीचं वजन वाफेला दाबून धरतं. वातावरणाच्या दाबावर आणखी साधारण तेवढाच दाब चढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. शिजण्याच्या क्रिया दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात असं धरलं, तर २० अंशांत वेग चौपट. आजीच्या चुलीवरचे दोन तास अर्ध्या तासात बसतात ते असे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. "तीन शिट्ट्या काढ" हे माप फारसं भरवशाचं नाही. गॅस मोठा असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक असेल तर पंधरा मिनिटांत. दाब दोन्ही वेळा तेवढाच असतो, वेळ मात्र वेगळा. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि तिथून घड्याळ लावायचं. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा!

कुकर एक गोष्ट मात्र करू शकत नाही. भाजण्याचा खमंग वास आणि तपकिरी रंग यायला साधारण १४० अंशांच्या वरचं कोरडं तापमान लागतं. कुकरच्या आत सगळं ओलं, आणि १२० च्या वर जाणार नाही. म्हणून झाकण लावायच्या आधी त्याच भांड्यात कोंबडी तेलावर परतून घ्यायची. हे टाळलंत तर जेवण शिजेल, पण दवाखान्यातल्या सूपसारखं लागेल.

कृती: चौघांची कोंबडी-बाजरी

साहित्य: पाच लिटरचा कुकर. हाडासकट ब्रॉयलर पाऊण किलो, मध्यम तुकडे करून. बाजरी दोन वाट्या (साधारण पाव किलो). मुगाची डाळ पाव वाटी. दोन मोठे कांदे, दोन टोमॅटो, आलं-लसूण वाटून दोन चमचे, हळद, तिखट, घरचा काळा मसाला दोन चमचे (घरून आणलेली पुडी संपली असेल तर कुठलाही गरम मसाला एक चमचा), तेल तीन मोठे चमचे, मीठ, कोथिंबीर, एक लिंबू.

सकाळी लेक्चरला जाण्याआधी बाजरी दोन-तीन पाण्यांनी धुऊन भिजत घाला. सहा-आठ तास पुरेत. उन्हाळा असेल तर पाणी एकदा बदला, नाहीतर आंबूस वास येतो. संध्याकाळी पाणी निथळून बाजरी मिक्सरमध्ये दोन-तीन गचके देऊन भरड करा. पीठ करायचं नाही, दाणा फक्त फुटला पाहिजे. उखळ-मुसळाचं काम मिक्सर करतो ते एवढंच. कोंड्याचं चिलखत तुटलं की पाणी आत शिरतं. आणि हो, भरड ऐन वेळीच करा. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, त्यामुळे दळलेली बाजरी आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागते. गिरणीतून महिनाभराची भरड आणून ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी एक. कुकरमध्ये तेल चांगलं तापवा. कोंबडीचे तुकडे पुसून कोरडे करा, हळद-मीठ लावा आणि दोन खेपांत परता. सगळी कोंबडी एकदम टाकलीत तर तिचं पाणी सुटतं. एक किलो पाण्याची वाफ करायला २२६० किलोज्यूल लागतात हे थर्मोडायनॅमिक्सवाल्यांना पाठ आहे. तुमचा गॅस मग ते पाणी आटवण्यातच खर्ची पडतो आणि कोंबडी भाजण्याऐवजी उकडते. प्रत्येक खेप चार-पाच मिनिटं, दोन्ही बाजूंनी रंग येईपर्यंत. परतलेले तुकडे एका ताटलीत काढून झाकून ठेवा. ही कोंबडी अजून आतून कच्ची आहे, तेव्हा कुणी चव बघू नये!

पायरी दोन. त्याच तेलात कांदा तपकिरी होईपर्यंत परता. बुडाला जे काही चिकटलं आहे ते कांद्याच्या ओलाव्याने सुटेल. उलथन्याने खरवडून घ्या, सगळी चव तिथेच आहे. मग आलं-लसूण, तिखट, काळा मसाला. मसाला करपायच्या आत भरडलेली बाजरी आणि डाळ टाकून दोन मिनिटं हलवा. सहा वाट्या गरम पाणी आणि मीठ घाला. टोमॅटो आत्ता घालू नका, आंबट आधी गेलं की डाळ शिजायला कुरकुर करते. बूड एकदा नीट ढवळून झाकण लावा. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून बारा मिनिटं. मग गॅस बंद करा आणि दाब आपोआप उतरू द्या.

पायरी तीन. झाकण उघडा. बाजरी फुलून मऊ झालेली दिसेल. आता टोमॅटो, ताटलीतली कोंबडी आणि ताटलीत साठलेला रससुद्धा आत घाला. एक वाटी गरम पाणी घालून तळापासून ढवळा. पुन्हा झाकण, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पाच मिनिटं, मग बंद. दाब उतरल्यावर लिंबू पिळा, कोथिंबीर टाका. घट्ट वाटली तर गरम पाणी घाला. बाजरी गार होताना आणखी घट्ट होते, त्यामुळे ताटात वाढताना थोडी सैलच असू द्या.

पाण्याचा हिशोब कसा आला? बाजरीच्या मऊ खिचडीला साधारण चौपट पाणी लागतं. इथे दोन वाट्यांना सात वाट्याच घातल्या, कारण कच्च्या कोंबडीत वजनाच्या सुमारे पाऊण भाग पाणीच असतं आणि शिजताना त्यातलं काही ती सोडते. कुठल्याही धान्याला त्याच्या नेहमीच्या पाण्यातून कोंबडीच्या नावाने थोडं कमी करा, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरे.

इतर जोड्या

ब्रॉयलर आणि तांदूळ: छत्तीस गुण जमले! दोघांनाही घाई. तांदूळ वीस मिनिटं भिजवा. कोंबडी परतून बाहेर न काढता मसाला करा, तांदूळ टाका. दोन वाट्यांना साडेतीन वाट्या पाणी. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पाच मिनिटं. घाईच्या दिवशी हीच जोडी.

ब्रॉयलर आणि दलिया: हेही चांगलं स्थळ. दलिया भिजवावा लागत नाही, कोरडा भाजून घ्यायचा. दोन वाट्यांना साडेपाच-सहा वाट्या पाणी. पहिल्या शिट्टीनंतर सहा-सात मिनिटं. हा झाला गरिबाचा हरीसा.

ब्रॉयलर आणि बाजरी: जमतं, पण वर दिल्याप्रमाणे दोन पायऱ्यांत. नवरी आधी, नवरदेव मागून.

गावरान आणि बाजरी: आजीची जोडी. दोन्ही एकदमच टाका, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पंचवीस मिनिटं. कोंबडी फारच जून निघाली तर आणखी दहा.

गावरान आणि तांदूळ: पत्रिका जुळत नाही. कोंबडी आधी वेगळी शिजवून घ्या, तांदूळ शेवटी टाका. एकदम लावलंत तर भाताची पेज होईल आणि कोंबडी तरीही दाताशी भांडेल.

थोडं सावधगिरीचं

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला. आमच्यापैकी बरेच जण तेव्हा रांगत होते, पण घरातले मोठे अजून सांगतात. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि लोकांनी चिकनच्या दुकानाकडे बघणंही सोडलं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र साधा होता: मांस आतपर्यंत ७० अंशांना पोचलं की तो विषाणू टिकत नाही. आज नेहमीच्या जंतूंसाठी ७४ अंशांचं माप वापरतात. कुकरमध्ये आपण १२० ला आहोत, त्यामुळे शिजलेल्या कोंबडीची भीती नाही. जाडसर तुकडा हाडापर्यंत फोडून बघा. रस गुलाबी न दिसता स्वच्छ दिसला की झालं.

खरा धोका शिजवण्याच्या आधी आणि नंतर असतो. कच्ची कोंबडी जोरात सोडलेल्या नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात थोड्या पाण्यात धुवा (नांदगावकरांना हे सांगावं लागत नाही). अर्धकच्ची कोंबडी ज्या ताटलीत ठेवली तिच्यात कांदा-काकडी कापून ठेवू नका. आणि उरलेलं अन्न! शिजलेल्या भातात-खिचडीत काही जंतूंचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात आणि खोलीच्या उबेत पुन्हा वाढतात. फ्रिज नसेल तर दोन तासांच्या आत संपवा. "सकाळी नाश्त्याला होईल" हा विचार सोमवारच्या प्रॅक्टिकलला महागात पडू शकतो. म्हणूनच माप चौघांचं दिलंय. दोघं असाल तर निम्मं करा.

कुकरबद्दल एकच नियम: झाकण सहज उघडत नसेल तर आत दाब आहे, जोर लावायचा नाही. आणि खिचडीसारखे फसफसणारे पदार्थ निम्म्या भांड्याच्या वर भरायचे नाहीत, नाहीतर व्हॉल्व्ह तुंबतो.

एवढं करून मिळतं काय?

आता खरा मुद्दा. पाऊण किलो कोंबडीत हाडं वजा जाता अर्धा किलो मांस धरलं तर साधारण १०० ग्रॅम प्रथिनं. पाव किलो बाजरीत आणखी २७ ग्रॅम. मूग वगैरे सोडून चौघांत वाटा, ताटाला तीसच्या वर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार माणसाला दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५०. एका ताटात निम्म्याहून जास्त झाली की!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोह. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांत ॲनिमिया आढळला. म्हणजे गर्ल्स होस्टेलच्या तीन मजल्यांचा जिना चढताना जी धाप लागते, ती सगळीच काही व्यायामाच्या अभावाची नसावी! शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. बाजरीत सहाच्या वर असतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काम करून 'धनशक्ती' हे जास्त लोहाचं बाजरीचं वाण महाराष्ट्राला दिलं, तेही याच कारणासाठी.

पण बाजरीतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही, तिच्यातलं फायटेट ते धरून ठेवतं. इथे आपली जोडी कामाला येते. भिजवल्याने फायटेट काही प्रमाणात कमी होतं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह सोडवायला मदत करतं. आणि सोबत मांस असलं की धान्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणजे आजीने बाजरी भिजवली, तिच्यात कोंबडी घातली आणि वर लिंबू पिळलं, तेव्हा तिने बायोकेमिस्ट्रीचा एक पूर्ण चॅप्टर सोडवला होता. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो ही सगळी मेहनत पाण्यात घालवतो.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, बाजरीला 'श्रीअन्न' असं भारदस्त नाव मिळालं, मॉलमध्ये तिची चकचकीत पाकिटं आली. आमच्याकडच्या शेतांत मात्र आता मका आणि कांदा जास्त दिसतो. बाजरी आहे, पण कडेला. आजीला विचारलं तर ती म्हणते, "पोरांना भाकरी थापता येत नाही म्हून बाजरीला नावं ठेवतात." तिचं खरं आहे. भाकरी थापायला हात बसावा लागतो, वर्षं जातात. खिचडीला फक्त घड्याळ लागतं. ज्या पिढीला भाकरी येत नाही, तिच्या ताटात बाजरी टिकायची असेल तर ती अशीच टिकेल, कुकरमधून.

तेव्हा यापुढे कुणी तुम्हाला कोंबडी आणि धान्य एकत्र शिजवायची रेसिपी सांगितली, मग ती टीव्हीवरच्या शेफने असो की शेजारच्या काकूंनी, तर मसाल्याचं प्रमाण विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा: कोंबडी जून की कवळी? आणि धान्य घाईचं की सवडीचं? उत्तरं जुळली तर सगळं एकदम टाका. नाही जुळली तर सवडीचं आधी, घाईचं नंतर. बाकी मीठ चवीनुसार!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल